कॉमिक्समधल्या ज्येष्ठांचा सत्कार: कोकणातल्या संमेलनासाठी क्रमवार तयारी

कॉमिक संमेलनातला ज्येष्ठांचा सत्कार फसतो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी सभागृह ठरतं, मग उद्घाटक, मग बॅनर छापायला जातो आणि पंधरा दिवस उरले असताना सत्कारमूर्तींना फोन होतो. तोवर तारीख हलवता येत नाही, गाडीचं तिकीट मिळत नाही आणि बॅनरवर नाव चुकलेलं असतं. पुढचा क्रम रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं दोन दिवसांचं संमेलन, दोन-तीनशे प्रेक्षक आणि तीन-चार सत्कार धरून दिला आहे. हाताशी निदान चार महिने हवेत.

## १. यादी: कोणाचा सत्कार आणि नेमका कशासाठी

प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा: कोणतं काम, कोणत्या मालिकेत किंवा अंकांत, साधारण कोणत्या वर्षांत. ‘कॉमिक्स क्षेत्रातील भरीव योगदानाबद्दल’ एवढंच सुचत असेल तर गृहपाठ झालेला नाही. ते नाव अजून पुढे नेऊ नका.

यादी करताना लेखक आणि चित्रकार यांच्यावर थांबू नका. मुखपृष्ठं रंगवणारे, आतल्या पानांना रंग देणारे, संवादांची अक्षरं काढणारे, मराठी अनुवाद करणारे, संपादन करणारे हे सगळे निर्मातेच. दुसरी यादी चाहत्यांची करा: अंकांचे संपूर्ण संच जपलेले, सूची तयार केलेले, हस्तलिखित किंवा सायक्लोस्टाइल पत्रिका काढलेले, भाड्याने कॉमिक्स देणारी वाचनालयं वर्षानुवर्षं चालवलेले. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन या संमेलनात १९७४पासून दिला जाणारा इंकपॉट पुरस्कार चाहत्यांच्या वर्तुळात काम केलेल्यांनाही मिळतो. तेव्हा चाहत्यांना मंचावर बोलावताना बिचकायचं कारण नाही. मात्र चित्रकाराला तासभर आणि पाच संग्राहकांना शेवटी एका दमात गुच्छ, असं करू नका. मंच तोच, शाल तीच, वेळ तेवढाच.

दिवसाला दोन सत्कार पुरे. तिसरा घातला की प्रेक्षक चहाकडे सरकतात आणि त्याचा फटका नेमका सगळ्यात थकलेल्या माणसाला बसतो.

क्रम वय आणि प्रकृती पाहून लावा, प्रसिद्धी पाहून नाही. अमर चित्रकथेचे संस्थापक अनंत पै यांना भारतातल्या पहिल्या कॉमिक कॉनमध्ये, फेब्रुवारी २०११मध्ये, जीवनगौरव मिळाला आणि त्याच महिन्यात २४ तारखेला ते गेले. ‘त्यांचं पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य बैठकीत निघालं तर तिथेच अडवा. मरणोत्तर सन्मान जरूर करावा. अमेरिकेतला बिल फिंगर पुरस्कार २००५मध्ये सुरू झाला तो हयात आणि दिवंगत अशा दोन्ही लेखकांसाठी. मात्र सन्मान घरातल्या कोणी स्वीकारायचा हे घरच्यांनाच ठरवू द्या.

## २. होकार: बाकी कशाच्याही आधी

पहिला फोन ओळखीच्या माणसाकरवी करा आणि त्याच फोनवर ‘हो’ म्हणून घेऊ नका. आठ दिवस द्या. मग कागदावर छापलेलं पत्र पाठवा, अक्षर १६ पॉइंटचं. त्यात तारीख, गाव, मंचावर किती वेळ बसायचं, किती सह्या कराव्या लागतील, सोबत येणाऱ्या एका माणसाचा प्रवास आणि राहणं तुमच्याकडे, आणि मानधनाचा आकडा. आकडा लिहायला संकोच वाटतो म्हणून ‘योग्य ते मानधन’ लिहिलं जातं. त्याने समोरच्याची अडचण होते, तुमची नाही. मानधन नसेल तर तेही स्पष्ट लिहा.

दुसऱ्या फोनवर हे विचारून घ्या आणि वहीत उतरवा:

- कोणत्या कानाने नीट ऐकू येतं?
- जिना चढता येतो का? किती पायऱ्या?
- जेवणाची, गोळ्यांची, इन्शुलिनची वेळ काय?
- भाषण करायला आवडेल की गप्पा?
- कोणता विषय काढू नये? जुन्या प्रकाशकाशी झालेला वाद, परत न मिळालेली मूळ चित्रं, अशा जागा असतात.
- हात थरथरतो का? सह्या नको असतील तर तसं सांगायला संकोच वाटू नये, म्हणून हा प्रश्न तुम्हीच काढा.

सावधान: लेखी होकार हातात येईपर्यंत नाव जाहीर करू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा नाही. ज्येष्ठांना आपल्या सत्काराची बातमी पुतण्याकडून कळते ती अशीच.

## ३. श्रेयाची तपासणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या छापल्या जातात, म्हणून या टप्प्याला पूर्ण तीन आठवडे ठेवा. आपल्याकडच्या जुन्या कॉमिक्समध्ये श्रेयनामावली अनेकदा अर्धवट असे, काही अंकांत नसेच. त्यामुळे इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या सापडतात. काम असं करा:

अ) सत्कारमूर्तींच्या कामाची यादी अंकागणिक बनवा: मालिका, अंक क्रमांक, वर्ष, भाषा, त्यांचं नेमकं काम. प्रत्येक नोंदीसमोर पुरावा लिहा. प्रत्यक्ष अंकातलं छापील नाव, चित्रावरची सही किंवा त्यांनी स्वतः सांगितलेलं, यांतलं एक हवंच.

आ) लेखक, आतली चित्रं आणि मुखपृष्ठ हे तीन रकाने वेगळे ठेवा. ‘बहादुर’चंच घ्या: इंद्रजाल कॉमिक्समधला हा नायक आबिद सुरती यांनी लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चित्रांत उतरवला. ‘बहादुरचे जनक’ म्हणून एकच नाव छापलं की दुसऱ्यावर अन्याय झालाच. बॅटमॅनच्या बाबतीत सहनिर्माते बिल फिंगर यांचं नाव अधिकृत श्रेयात यायला २०१५ उजाडलं.

इ) ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘जनक’ या शब्दांवर लाल पेन फिरवा. ‘कृष्ण’ हा अमर चित्रकथेचा पहिला अंक, असं सर्रास लिहिलं जातं. त्याचा क्रमांक ११ आहे. आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते.

ई) एका चित्रकाराला एकाच प्रकाशनाला चिकटवू नका. प्रताप मुळीक यांनी अमर चित्रकथेत पौराणिक-ऐतिहासिक अंक काढले आणि राज कॉमिक्सचा सुपरहिरो नागराजही काढला. अर्धं काम गाळलं की प्रेक्षकांतला अर्धा वर्ग बुचकळ्यात पडतो.

उ) नावाचं देवनागरी लेखन त्यांच्या सहीवरून किंवा त्यांनाच विचारून घ्या. इंग्रजी स्पेलिंगवरून उलट मराठी करायला गेलात तर मुळीकांचे ‘मुलिक’ होतात.

तयार यादी सत्कारमूर्तींकडे कागदावर पाठवा, प्रत्येक ओळीपुढे बरोबर-चूक करायला मोकळा चौकोन ठेवून. त्यांची आठवण आणि छापील अंक यांत फरक पडला तर वाद घालू नका; त्या पानाची छायाप्रत पाठवा. तरी मेळ बसला नाही तर ती नोंद मानपत्रातून गाळा.

तपासा: बॅनर, मानपत्र, सूत्रसंचालकाचा कागद आणि सन्मानचिन्हावरची पट्टी, चारही मजकूर याच एका यादीवरून निघालेत ना? प्रत्येकाने आपापल्या आठवणीने लिहिलं की चार ठिकाणी चार वर्षं छापली जातात.

## ४. तारीख आणि प्रवास

कोकणात तारीख म्हणजे निम्मा कार्यक्रम. जून ते ऑक्टोबर वगळा: पाऊस, कोकण रेल्वेचं संथ पावसाळी वेळापत्रक आणि मध्येच गणपती. शिमग्याला आणि मे महिन्यात गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात. नाताळात मालवण-तारकर्लीकडे खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट भावाने. सगळ्यात सोयीचे जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. सिंधुदुर्गात असाल तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी बघा. ती पंचांगातल्या ठरावीक तिथीला नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दोन दिवसांत गाडीत उभं राहायला जागा मिळत नाही.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्याच सकाळी तिकीट काढा, खालचा बर्थ मागा आणि सोबतच्या माणसाचं त्याच पीएनआरवर घ्या. ज्येष्ठांची भाडेसवलत २०२०पासून बंद आहे, म्हणून खर्च पूर्ण भाड्याने धरा. दिवसाची गाडी बरी. रात्रीच्या कोकणकन्येने येऊन सकाळी उतरायचं आणि अकराला मंचावर बसायचं, हे पंचाहत्तरीच्या माणसाला सांगू नका; आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुक्कामी पोचू द्या. वंदे भारत आरामाची, पण तिचे थांबे मोजके. मालवणचा कार्यक्रम असेल तर कणकवलीला उतरून पुढे तासाभराचा रस्ता आहे, तो धरून चाला.

लहान स्थानकांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. डबा फलाटावर कुठे लागतो ते आधी विचारून दोन माणसं तिथे उभी करा: एक सामान घ्यायला, एक हात द्यायला. स्थानकाच्या दाराशी गुच्छ घेऊन उभं राहणारं स्वागतमंडळ इथे कामाचं नाही.

राहण्याची खोली तळमजल्यावरची, कमोड असलेली आणि कार्यक्रमापासून पंधरा मिनिटांत पोचता येईल अशी हवी. समुद्र दिसतो म्हणून वाळूतून चालत जावं लागणारं रिसॉर्ट निवडू नका. सभागृहाजवळचा एक डॉक्टर आधी सांगून ठेवा; रुग्णवाहिकेसाठी १०८.

## ५. सभागृह

रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह किंवा मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह यांसारखी जागा घेणार असाल तर नाटकांच्या आणि नाट्यस्पर्धांच्या तारखा आधी पाहा. हॉल बघायला जाताना मोजपट्टी न्या. रॅम्पचा, म्हणजे उतरत्या वाटेचा, सुरक्षित चढ १ला १२ असतो: जेवढी उंची त्याच्या बारापट लांबी. मंच ६० सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प सव्वासात मीटर लांब हवा. एवढी जागा नसते, आणि मग मंडपवाला दोन मीटरची फळी टाकून ‘झालं’ म्हणतो. त्या फळीवरून कोणालाही चढवू नका. त्यापेक्षा सत्कार मंचाखाली, पहिल्या रांगेसमोर करा आणि मागच्यांसाठी पडद्यावर दाखवा.

खुर्ची हातांची, बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच. मंडपवाल्याचा तो लाल मखमली सोफा परत पाठवा. त्यात गुडघेदुखीचा माणूस रुततो आणि उठताना दोघांना ओढावं लागतं, सगळ्यांदेखत.

जनरेटर लागतोच. कॉस्प्लेची (पात्रांसारखी वेशभूषा करण्याची) स्पर्धा आणि सत्कार एकाच भिंतीच्या दोन बाजूंना एकाच वेळी ठेवू नका.

## ६. मूळ पानांचं प्रदर्शन

मूळ पानं मागवण्याआधी दोन परवानग्या वेगळ्या घ्या. पान दाखवायची परवानगी ते पान ज्याच्या मालकीचं आहे त्याची. त्याच चित्राचा बॅनर, पिशवी किंवा टी-शर्ट छापायची परवानगी हक्कधारकाची, आणि तो पुष्कळदा प्रकाशक असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. कर्ता म्हणून नाव लावून घ्यायचा अधिकार मात्र चित्रकाराकडेच राहतो. ‘चित्रकारांनी स्वतः हो म्हटलंय’ एवढ्यावर पाचशे टी-शर्ट छापू नका.

सुरक्षित उपाय म्हणजे भिंतीवर प्रती आणि एका बंद पेटीत एक-दोन मूळ पानं. प्रतीसाठी पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा, समासासकट. निळ्या पेन्सिलच्या रेघा, कडेला लिहिलेल्या सूचना, पांढऱ्या रंगाची दुरुस्ती पुसून ‘स्वच्छ’ करू नका. बघणाऱ्याला शिकण्यासारखं तेच असतं.

मूळ पानांसाठी:

1. ताब्यात घेताना पुढून-मागून फोटो काढा. फाटलेले कोपरे, डाग, सुटलेल्या पट्ट्या लिहून दोघांच्या सह्यांची पावती करा.
2. हात धुऊन पूर्ण कोरडे करून, पान दोन्ही हातांनी कडेला धरा. जुन्या पानांवर संवादाच्या पट्ट्या गोंदाने चिकटवलेल्या असू शकतात. गोंद वाळला की त्या सुटतात, म्हणून पान उभं धरू नका.
3. एसी गाडीतून आणलेलं पाकीट दमट हॉलमध्ये लगेच उघडू नका. थंड कागदावर बाष्प धरतं आणि शाई पसरते. पाकीट तीन-चार तास तसंच राहू द्या.
4. काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये जाड माउंटची चौकट ठेवा, निदान ३ मिलिमीटर. काचेला चिकटलेली शाई सोडवताना चित्र निघून येतं.
5. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. कोपऱ्यांना कागदी खोबण्या करा.
6. खिडकीपासून दूर, मंद एलईडी. कागदावरच्या कामाला ५० लक्स पुरे. मंडपाचे हॅलोजन बंद.
7. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, चित्राला न टेकवता, आणि रात्री पानं काढून कोरड्या कपाटात ठेवा. किनाऱ्यावर जानेवारीतही पहाटेची हवा ओली असते.

तपासा: रात्री पेटीची किल्ली कोणाकडे आहे? उत्तर एकाच नावाचं असलं पाहिजे.

## ७. मानपत्र, शाल, सन्मानचिन्ह

मानपत्र २०० शब्दांच्या आत. मोठ्याने वाचायला दोन मिनिटं लागतात. लिहिणाऱ्याने त्यांचे निदान पाच अंक समोर ठेवून लिहावं. ‘आपल्या कुंचल्याच्या जादूने अवघ्या पिढीला मंत्रमुग्ध केलेत’ हे वाक्य कोणालाही लागू पडतं, म्हणून कोणालाच पडत नाही. त्याऐवजी काम दाखवा: बत्तीस पानांच्या अंकात गर्दीच्या चौकटीतही प्रत्येक चेहरा वेगळा कसा ठेवला, समुद्राची लाट दोनच रेघांत कशी उभी केली, अनुवादात शिव्यांचं मराठी काय केलं. चाहत्याच्या मानपत्रात त्याने काय वाचवलं ते लिहा: किती वर्षांचे अंक, कोणती सूची, कोणासाठी खुली. मसुदा घरच्या एकाला दाखवून घ्या.

शाल सुती आणि हलकी. जरीची जाड शाल दुपारच्या उकाड्यात पाच मिनिटंही अंगावर राहत नाही. श्रीफळ हातात द्या आणि फोटो होताच सोबतच्याने काढून घ्यावं. शाल, नारळ, गुच्छ आणि फ्रेम एकदम सांभाळता सांभाळता माणूस तोल सावरायला हात टेकू शकत नाही.

सन्मानचिन्ह काचेचं नको. ते जड असतं आणि परतीच्या गाडीत फुटतं. या किनाऱ्यावर याहून चांगल्या वस्तू आहेत: सावंतवाडीची हाताने रंगवलेली गंजिफा (जुन्या पद्धतीचे गोल पत्ते) किंवा कुडाळजवळच्या पिंगुळीचं चित्रकथी शैलीतलं चित्र. पिंगुळीत चित्रं दाखवून कथा सांगायची ठाकर समाजाची परंपरा आजही चालू आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१चा पद्मश्री जाहीर झाला. कॉमिक्सवाल्याला यापेक्षा जवळची भेट सुचायची नाही. मागणी दोन महिने आधी नोंदवा आणि विषय कारागिरालाच निवडू द्या. त्याला ‘चित्रकथीत सुपरहिरो काढून द्या’ सांगण्याचा मोह आवरा. मागच्या बाजूला चित्र काढणाऱ्याचं नाव, गाव आणि वर्ष लिहून घ्या.

## ८. मंचावरची पन्नास मिनिटं

- निवेदन: २ मिनिटं
- कामाची चित्रफीत: ४ मिनिटं, संगीत हळू, प्रत्येक चित्राखाली अंक आणि वर्ष
- मानपत्रवाचन: २ मिनिटं
- शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, फोटो: ४ मिनिटं
- गप्पा: २५ मिनिटं
- सत्कारमूर्तींचं मनोगत: ८ मिनिटं
- प्रेक्षकांचे तीन प्रश्न: ५ मिनिटं

मानपत्र शालीच्या आधी वाचा. उलट केलं तर ते वाचून होईपर्यंत सत्कारमूर्ती शाल पांघरून, नारळ धरून उभे राहतात. वाचताना त्यांना बसू द्या.

प्रमुख पाहुणे उशिरा येतात, हे गृहीतच धरा. सुरुवात त्यांच्या येण्याला बांधू नका. ते आले की पहिल्या रांगेत बसवा आणि दोन शब्द शेवटी. शाल घालायला त्या क्षेत्रातला तरुण चित्रकार किंवा जुना वाचक निवडलात तर उत्तम, पण गावातलं राजकारण बघून ठरवा.

मुलाखतकार चांगल्या कानाच्या बाजूला, थोडा समोर वळून बसेल. कॉलर माइक लावा. हातातला माइक पाच मिनिटांत मांडीवर येतो. पहिला प्रश्न ‘आपल्या प्रवासाबद्दल सांगा’ हा नको. अंक हातात द्या, एक पान उघडा आणि विचारा: ही चौकट अशी का? हात पानावरून फिरू लागला की बोलणं आपोआप येतं. प्रेक्षकांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या आणि मुलाखतकाराने वाचावेत.

सावधान: वेळ संपल्याची चिठ्ठी सत्कारमूर्तींच्या हातात देऊ नका. ती मुलाखतकाराला द्या.

## ९. सह्या

गप्पांनंतर अर्धा तास विश्रांती, मगच टेबल. एका सहीला नाव लिहिण्यासकट ४५ सेकंद धरा. चाळीस मिनिटांत पन्नास होतात, म्हणून टोकन पन्नासच छापा, माणशी एक वस्तू. स्वयंसेवकाने रांगेतच वाचकाचं नाव सुवाच्य चिठ्ठीवर लिहून अंकाला लावावं.

जुन्या अंकांच्या मऊ कागदावर मार्कर पलीकडे उतरतो. तिथे बारीक टोकाचं पिगमेंट शाईचं पेन वापरा. गुळगुळीत मुखपृष्ठावर पर्मनंट मार्कर चालतो, पण दमट हवेत वाळायला दोन मिनिटं लागतात, तोवर अंक पिशवीत घालू नका. सहीखाली कडक पुठ्ठा हवा. ‘एक स्केच काढून द्या ना’ ही विनंती रांगेतच थांबवा. ती नाकारायचं काम ज्येष्ठांवर टाकू नका.

## १०. नंतरचा आठवडा

मानधन त्याच दिवशी खात्यावर जमा करा. पॅन आणि बँकेचा तपशील आधीच घेतलेला असावा. घरी पोचल्याचा फोन घ्या. फोटो फक्त लिंकवर पाठवू नका, दहा-बारा छापून टपालाने पाठवा. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी जपा आणि कुठेही टाकण्याआधी त्यांना ऐकवा. बोलण्याच्या भरात निघून गेलेलं एखादं नाव त्यांना काढायचं असू शकतं. कार्यक्रमात कोणी श्रेयाची चूक दाखवली असेल तर पुराव्यासह यादीत दुरुस्ती करा आणि दुरुस्त प्रत सत्कारमूर्तींनाही द्या.

मूळ पानं माणसाच्या हातानेच परत करा, कुरिअरने नाही. सुरुवातीचे फोटो समोर ठेवून एकेक पान ताडून बघा आणि पावतीवर ‘परत मिळाली’ अशी सही घ्या.